महागडा कॅमेरा कधी घ्यावा: या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. दीड-दोन वर्षे दुसऱ्या लग्न-छायाचित्रकाराच्या हाताखाली काम केलेला एखादा मुलगा विचारतो, "सर, बॉडी आत्ताच घेऊ की नवीन मॉडेलसाठी थांबू?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. तुझी पुढची मोठी ऑर्डर कोणत्या तारखेला आहे, असे मी विचारले की तो घुटमळतो. किंमत, सवलत आणि येऊ घातलेल्या मॉडेलच्या अफवा त्याला तोंडपाठ असतात, स्वतःच्या कामाच्या तारखा मात्र नसतात. पुण्यात वीस वर्षे लग्नांचे काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, दोन-अडीच लाखांची बॉडी घेण्याची वेळ पंचांगातील लग्नमुहूर्त पाहून ठरवावी आणि ती नेमकी अशा दिवसांत घ्यावी, ज्या दिवसांत लग्नांचे मुहूर्त नसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ऑर्डरच्या तोंडावर खरेदी करणे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाने बुधवारी नवी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतली आणि रविवारी तीच घेऊन तो कर्वे रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला उभा राहिला. तोपर्यंत तो आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या डीएसएलआरवर काम करत होता. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि शटरचा आवाज नको म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने सायलेंट शूटिंग चालू केले. व्यासपीठामागे एलईडीची भिंत होती आणि वर एलईडी दिवे होते. अंतरपाट दूर झाल्यापासून हार घातले जाईपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत वधूवरांच्या अंगावर आडवे काळे पट्टे उमटले. कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या छोट्या पडद्यावर ते त्याच्या लक्षात आले नाहीत. मी दुसऱ्या बाजूने जुन्या बॉडीवर काढलेले फोटो होते म्हणून अल्बम कसाबसा उभा राहिला, परंतु त्याच्या बाजूने दिसणारा वधूचा चेहरा त्या क्षणी कोणीच नीट टिपला नव्हता, आणि तिच्या आईने ते ज्या शब्दांत विचारले ते मी आजही विसरलेलो नाही.

यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. सायलेंट शूटिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालते. त्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात, आणि त्या काळच्या बहुतेक सेन्सरना सगळ्या ओळी वाचायला बराच वेळ लागत असे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि हा चढउतार वेगवेगळ्या ओळींवर वेगवेगळा पडला की पट्टे दिसतात. मेकॅनिकल (प्रत्यक्ष उघड-झाप होणारे) शटर ठेवून १/५० किंवा १/१०० सेकंदाचा वेग धरला की अशा दिव्यांचा त्रास बहुतांशी जातो. एलईडीच्या भिंतीचा लुकलुकण्याचा वेग मात्र निराळा असतो, आणि तिच्यासमोर कोणता वेग चालतो हे तिथेच चाचणीचे फोटो काढून, ते मोठे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. हे सगळे त्या मुलाला घरी पंधरा दिवसांत शिकता आले असते. लग्न संपल्यावर दुसरी अडचण उघड झाली: त्याच्या संगणकावरील जुने सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (प्रक्रिया न केलेले मूळ फोटो) उघडतच नव्हते, आणि त्या रूपांतरित करून घेण्यात आणखी एक आठवडा गेला.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की, नवी बॉडी हातात आल्यापासून साठ दिवस ती पैशाच्या कामावर मुख्य कॅमेरा म्हणून जात नाही. या काळात मी बटणे जुन्या बॉडीप्रमाणे लावतो, दोन्ही मेमरी कार्डांवर एकाच वेळी फाइली उतरतात याची खात्री करतो, एक बॅटरी किती तास टिकते ते वहीत लिहितो, आणि जुन्या व नव्या बॉडीने एकाच पैठणीचे फोटो काढून रंग जुळवतो. साठ दिवस जास्त आहेत असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. यूट्यूबवरचा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहून कॅमेरा समजतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी दुसऱ्याच्या घरचे कार्य स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हे साठ दिवस कोठून काढायचे? पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की काही दिवसांत आषाढी एकादशी येते आणि चातुर्मास लागतो. कार्तिकात तुळशीची लग्ने लागेपर्यंत लग्नांचे नेहमीचे मुहूर्त नसतात. काही पंचांगे आपत्कालीन मुहूर्त देतात, पण कामाची गर्दी ओसरलेली असते. बॉडी घेण्याचा काळ हाच आहे. अधिक मास आला तर आणखी एक मोकळा महिना मिळतो, उदाहरणार्थ २०२६ मधील अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन हंगामात आला आहे. याउलट दिवाळी पाडव्याला घेतलेल्या बॉडीला तुळशीच्या लग्नापर्यंत जेमतेम दहा-पंधरा दिवस मिळतात. पाडव्याला पूजा जरूर करावी, पण ती आधीच सरावलेल्या कॅमेऱ्याची करावी.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे आणि ती हुशार माणसे करतात. ती म्हणजे पुढच्या मॉडेलची वाट पाहत राहणे. कॅननचा ५डी मार्क ३ मार्च २०१२ मध्ये जाहीर झाला आणि मार्क ४ ऑगस्ट २०१६ मध्ये. सोनीच्या 'ए७ ३' या मॉडेलनंतर 'ए७ ४' यायला फेब्रुवारी २०१८ पासून ऑक्टोबर २०२१ उजाडला. कॅननच्या आर५ आणि आर५ मार्क २ मध्ये जुलै २०२० ते जुलै २०२४ अशी चार वर्षे गेली. अशा अंतराच्या मध्यावर "आता येईलच" म्हणून थांबलेल्या माणसाचे दोन-दोन हंगाम जातात. शिवाय घोषणा होणे म्हणजे कॅमेरा हातात पडणे नव्हे. निकॉनचा झेड९ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाल्यावर मागणी एवढी होती की अनेकांना महिनोनमहिने थांबावे लागले.

बरे, पहिल्याच खेपेतला कॅमेरा निर्दोष असेल याचीही हमी नसते. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला, काही कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर डाग पडू लागले, साधारण वर्षभराने डी६१० बाजारात आला, आणि वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही मोफत दुरुस्ती करून देण्याची घोषणा व्हायला फेब्रुवारी २०१४ उजाडावा लागला. माझी सवय अशी की, मॉडेल बाजारात येऊन निदान सहा महिने झाल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही, आणि सध्याची बॉडी माझे काम अडवत असेल तर पुढच्या मॉडेलच्या बातम्या वाचतही नाही. काम अडते म्हणजे काय, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवावे. रात्रीच्या वरातीत फोकस वारंवार चुकत असेल, एकच कार्डस्लॉट असल्यामुळे प्रत्येक लग्नात जीव टांगणीला लागत असेल, किंवा दीड लाख क्लिकसाठी चाचणी झालेले शटर तेवढे चालून झाले असेल, तर ती खरी अडचण आहे. वाढीव मेगापिक्सेलची ओढ ही अडचण नव्हे.

भाव पडण्याची वाट पाहणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले आणि १ जानेवारी २०१९ पासून ते लागू झाले. दोन लाख मूळ किमतीच्या बॉडीवर वीस हजारांचा फरक पडला. दिवाळीत घेतलेल्यांना हळहळ वाटली, पण ज्यांनी चातुर्मासातच घेऊन हंगामाची लग्ने त्यावर केली होती, त्यांनी त्या वीस हजारांपेक्षा अधिक तोवर कमावलेही होते.

करावरून आठवले. कॅमेरा व्यवसायाच्या हिशेबात घेणाऱ्यांनी घसाऱ्याचा (वस्तूच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीची करात मिळणारी वजावट) नियम माहीत करून घ्यावा: आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मालमत्तेवर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरच्या आत वस्तू वापरात यायला हवी. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला असल्यामुळे जेमतेम बसला. दिवाळी कधीच बसत नाही. बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे आणि सीएला खरेदीपूर्वी भेटावे.

"नो कॉस्ट" ईएमआयमध्ये व्याज सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो. हप्ता पावसाळ्यातही भरता येईल एवढाच असावा.

सगळे पैसे बॉडीत घालून मेमरी कार्ड उधार आणू नये.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून स्वस्तात बॉडी मागवण्यापूर्वी तिची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

आणि घेण्याआधी ती बॉडी दोन दिवस भाड्याने आणावी, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फारच थोडे जण ऐकतात. गणपतीच्या आधी संध्याकाळी मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. पथकाची परवानगी काढून तिथे जावे. अपुरा उजेड, सतत हलणारे हात, घामाने चमकणारे चेहरे आणि अधूनमधून पावसाची सर, असे सगळे एकाच ठिकाणी मिळते. त्या रात्री घरी येऊन सगळे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहावेत, जुन्या बॉडीच्या फोटोंशेजारी ठेवावेत, आणि मगच दुकानात जावे.