बीएस्सी ॲग्री झालंय? मग या चुका टाळा

जून उजाडला की दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. बियाणं मागणारे शेतकरी आणि ‘सर, बीएस्सी ॲग्री झालं, आता काय करू?’ असं विचारणारी पोरं. शेतकऱ्याचं काम दहा मिनिटांत उरकतं, पोरांचं तासभर चालतं. आधी निफाडकडे द्राक्षात, मग बियाणे कंपनीत आणि आता या दुकानात, मिळून वीस वर्षं झाली. चुका मात्र त्याच.

सगळ्यात जास्त राग येतो तो रावेच्या वहीचा. ग्रामीण कार्यानुभव म्हणून शेवटच्या वर्षी गावात पाठवतात, तर पोरं गटातल्या एकाची वही उतरवतात, बॅनर धरून सरपंचांसोबत फोटो काढतात आणि घर गाठतात. खोटं कशाला बोलू, मीही तेच केलं होतं. त्याची फी पहिल्या नोकरीत भरली. ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग, घड नुकते बाहेर पडलेले, दोन दिवस ढगाळ. पानांवर पिवळसर डाग दिसत होते. मी गाडीवरून उतरलो, बांधावरूनच पाहिलं आणि मॅग्नेशियमची फवारणी सांगून पुढच्या गावाला निघालो. चौथ्या दिवशी फोन आला. गेलो तर घड तपकिरी पडून वाळायला लागलेले. माझ्या वडिलांच्या वयाचे ते बागायतदार, पण ओरडले नाहीत. एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “साहेब, उलटून बघितलं होतं का?” उलटलं. पिवळ्या डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी. डावणी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. आणि त्या बागेतलं एकही पान महिन्याचं झालेलं नव्हतं.

तेव्हापासून खिशात भिंग असतं. माणूस कामाला घेतानाही मार्कशीट नंतर बघतो, आधी टेबलावर पान ठेवतो. उचलून उलटलं, तरच पुढचं बोलणं.

पुढची चूक, फक्त एमपीएससी धरून बसणं. अभ्यास जरूर करा, पण कृषी सेवेची जाहिरात कधी येईल आणि जागा किती निघतील हे तुमच्या हातात नाही. सकाळी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत काम करून संध्याकाळी अभ्यास करणारी पोरं मी पाहिली आहेत. पुण्यात खोली घेऊन पाच वर्षं चहा पिणारीही पाहिली आहेत.

आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेतून बँकेचा कृषी क्षेत्र अधिकारी व्हायचंय? तिशीच्या आत हालचाल करा, आणि वसुलीसाठी गावोगाव फिरायची तयारी ठेवा. एसीतली खुर्ची म्हणून जाणारे सहा महिन्यांत रडतात.

आणखी एक चूक माझ्या जिव्हाळ्याची. नोकरी नको म्हणून घाईघाईने कृषी सेवा केंद्र टाकणं. पदवी असली की परवान्याची पात्रता बसते, एवढंच पोरांना माहीत असतं. बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन वेगळे परवाने लागतात, पण ते कागद आज ना उद्या होतात. दुकान बुडतं ते उधारीत. माझ्या पहिल्या खरिपात ‘सोयाबीन निघालं की देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी माल दिला. ऐन काढणीत पाऊस लागला, शेंगांतच कोंब फुटले. शेतकऱ्याकडे मागायचं तरी कोणत्या तोंडाने? तिकडे कंपनीचा माणूस मात्र ठरल्या तारखेला दारात हजर. बुलेट विकली तेव्हा त्याचा हिशेब मिटला. आता वहीत एका गिऱ्हाइकाला एक पान आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेनने मर्यादा. पाव्हणा असला तरी.

केंद्राची कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, कर्जावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान. चांगली योजना आहे, घ्या. पण आधी एक खरीप दुसऱ्याच्या दुकानात पोती उचला. हे सांगितलं की निम्मे जण परत येत नाहीत.

ज्या कामांना पोरं नाक मुरडतात, तिथे माणूस मिळत नाही. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. तिथे नर-मादी ओळींवर नजर ठेवणारा आणि भेसळ झाड वेळेत उपटून टाकणारा माणूस कंपनी सहजासहजी सोडत नाही. द्राक्षाच्या पॅकहाउसचंही तसंच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. तो हंगाम ज्यांनी भोगला, ते आजही फवारणीच्या नोंदी नीट वाचणारा माणूस शोधत असतात. साखर कारखान्याचं शेतकी खातं, ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपनीचं व्यवस्थापन, हेही शेतीतलंच करिअर आहे. भाऊबंदांना सांगायला पद भारदस्त वाटत नाही, एवढीच अडचण.

फवारणीच्या ड्रोनचा परवाना काढलात, छान. पण किती पाण्यात किती औषध हे कळत नसेल, तर तुम्ही फक्त ड्रायव्हर.

विषय ठरवल्याशिवाय एमएस्सीला जाऊ नका. दोन वर्षं ढकलायला तो धर्मशाळेचा मुक्काम नाही.

मला भेटायचं असेल तर दुपारी या, संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते. येताना रावेची वही आणा. उतरवलेली असेल तरी आणा, मला पहिल्या पानावरच कळतं.