लोकप्रशासन शिकायचंय? आधी एक जीआर नीट वाच

बारावीनंतर मी लोकप्रशासन घेणार म्हटल्यावर चाळीत पहिला प्रश्न आला, "म्हणजे कलेक्टर होणार का?" झाले नाही. पालिकेच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते, आणि दर जूनला कुणाची ना कुणाची मुलगी गुणपत्रिका घेऊन दारात उभी राहते. तिला सांगते ते इथे लिहिते.

आधी विषय मिळतो कुठे ते बघ. मुंबईतल्या कॉलेजांत 'बीए लोकप्रशासन' अशी पाटी क्वचितच दिसेल; बहुतेक ठिकाणी तो राज्यशास्त्राच्या पोटात एक-दोन पेपर म्हणून येतो. म्हणून प्रॉस्पेक्टसमधले फोटो सोड, तिसऱ्या वर्षाच्या पेपरांची नावं वाच. नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे. त्यांची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण इंग्रजी-हिंदीत. मराठीतून पेपर लिहिणार असशील तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेव.

फक्त यूपीएससीसाठी घेत असशील तर जरा थांब. त्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. मुख्य परीक्षेत लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर. तो इंजिनीअरही घेतात.

अभ्यासाच्या सुरुवातीला येतात ते विचारवंत: वुड्रो विल्सनचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा 1887 चा निबंध, मॅक्स वेबरचा नोकरशाहीचा सिद्धांत, गुलिकचा पोस्डकॉर्ब, म्हणजे नियोजनापासून अर्थसंकल्पापर्यंत प्रशासकाच्या सात कामांची आद्याक्षरं. मुलं पाठ करतात आणि कंटाळतात. मीही कंटाळले होते. माझे बाबा मंत्रालयात टंकलेखक. घरात पाठकोऱ्या कागदांची चळत असायची, त्यावर मी शाळेची गणितं सोडवली. दुसऱ्या वर्षाला असताना एक कागद उलटला, तर मागे अख्खा शासन निर्णय, म्हणजेच जीआर. विषय मला तिथे कळला.

तूही शासनाच्या संकेतस्थळावरून एक जीआर उतरवून घे. वर विभाग, क्रमांक, तारीख. खाली 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी. म्हणजे आजचा निर्णय कालच्या कागदाला बांधलेला. मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि सही मात्र उपसचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. हे संविधानाच्या कलम 166 मुळे. वेबर म्हणतो तो अधिकार माणसाचा नसून पदाचा, तो या दोन ओळींत दिसतो. सगळ्यात खाली 'प्रत'. त्यात सरकारी हिशेब तपासणारे महालेखापाल दिसले की पैशांचा मामला समजायचा, हे बाबांचं शिक्षण. प्रत्येक धड्याला असा एक कागद जोड.

स्थानिक स्वराज्याच्या धड्यात मात्र सांभाळ. मी पहिल्या असाइनमेंटमध्ये 'मुंबई जिल्हा परिषदेची रचना' अशी दोन पानं झोकात लिहिली होती. मॅडमनी लाल पेनाने एवढंच विचारलं, "कुठे आहे ही?" मुंबई शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही! इथे 1888 चा महापालिका अधिनियम चालतो. नगरसेवक आपण निवडतो, आयुक्त राज्य सरकार नेमतं. सगळी ओढाताण या एका वाक्यात आहे. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली तेव्हा आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच! शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीवर उत्तर लिहिताना हे उदाहरण विसरू नकोस.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. माझा पहिला अर्ज परत आला, कारण मी विचारलं होतं, "रस्त्याचं काम का रखडलं?" 'का'ला उत्तर मिळत नाही. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या आदेशाची प्रत माग, मुदतवाढीच्या पत्रांची प्रत माग. 'का' त्यातच सापडतं. अर्ज आवक टेबलावर दे आणि तुझ्या प्रतीवर पोच घे. शिक्का पुसट उठला तर तिथेच उभी राहून पुन्हा मारून घे.