वेस्टर्न कादंबरी नीट वाचायची असेल तर एल्मर केल्टनचं बोट धरा

वेस्टर्न म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर भर दुपारी रस्त्यात एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन पिस्तूलवाले येतात, मग लोक एकदोन पुस्तकं चाळतात आणि सगळं सारखंच आहे म्हणून सोडून देतात. तसं अजिबात नाहीये. काऊबॉय हा आधी पगारी गुराखी होता, पिस्तूल वगैरे नंतरचं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की ही पुस्तकं वेगळीच दिसायला लागतात.

सुरुवात लेखकापासून करा. केल्टनचा जन्म १९२६ चा, टेक्सासच्या अँड्र्यूज काउंटीतल्या एका रँचवरचा. वडील रँचचे फोरमन, म्हणजे घरात दिवसरात्र घोडे, गुरं आणि जुन्या काऊबॉयांच्या गप्पा. स्वतः मात्र तो त्या कामात काही फार तरबेज नव्हता, तो पुस्तकात रमणारा मुलगा. पत्रकारिता शिकला, मध्ये दुसऱ्या महायुद्धात युरोपात जाऊन आला, आणि १९४८ पासून सॅन अँजेलोच्या पेपरात शेती आणि गुरांच्या बातम्या द्यायला लागला. पुढे पशुपालनाच्याच साप्ताहिकात २२ वर्षं. कादंबऱ्या लिहायच्या त्या नोकरी सांभाळून. २००९ मध्ये गेला, पण तोवर काऊबॉयचं जगणं आणि इतिहास सोडून तो फार लांब कधी गेलाच नाही. तो म्हणायचा की मला सात फुटी अजिंक्य हिरो जमत नाहीत, माझी माणसं पाच फूट आठ इंचांची आणि धास्तावलेली असतात. वाचताना हेच शोधायचं.

आता काळ पक्का करून घ्या, नाहीतर गोंधळ उडतो. गुरांचे मोठे तांडे टेक्सासातून उत्तरेला हाकत न्यायचा जमाना जेमतेम वीस वर्षांचा, १८६६ पासून १८८६ च्या आसपासपर्यंत. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची गुरं उदंड होती पण भाव नव्हता, साधारण ४ डॉलरचं जनावर उत्तरेत ४० ला जायचं. म्हणून मग पायी हाकत न्यायचं कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत, अ‍ॅबिलीनला १८६७ मध्ये गुरांचे कोंडवाडे बांधले गेले ते याचसाठी. १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं आणि मोकळी कुरणं हळूहळू बंद व्हायला लागली, त्यात रेल्वे सगळीकडे पोचली, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानांवर गुरं अक्षरशः लाखांनी मेली. संपलं. हातात घेतलेली कादंबरी तारेच्या आधीची की नंतरची, हे पहिल्या दहा पानांत ओळखायची सवय लावा, अर्धं भांडण कशावरून चाललंय ते तिथेच कळतं.

यानंतर काम समजून घ्या, आणि इथे घाई करू नका कारण खरी गंमत इथेच आहे. दोन-अडीच हजार गुरांचा तांडा, त्यामागे दहाबारा काऊबॉय, एक ट्रेल बॉस, एक आचारी आणि घोडे सांभाळणारं एखादं पोरगं. दिवसाला १५ ते २५ किलोमीटर, त्याहून जोरात हाकलं तर गुरांचं वजन उतरतं आणि पैसे बुडतात. अनुभवी गडी पुढे पॉइंटला, बाकीचे दोन्ही बाजूंना, आणि नवखे सगळ्यात मागे ड्रॅगला, म्हणजे हजारो खुरांनी उडवलेली धूळ दिवसभर त्यांच्या नाकातोंडात, तो गळ्यातला रुमाल स्टाइलसाठी नसायचा. रात्री आळीपाळीने पहारा, दोघं तांड्याभोवती उलट दिशांनी घोड्यावर फिरत आणि गात राहायचे, कारण अचानक आवाज झाला की गुरं बिथरून पळत सुटायची आणि अंधारात त्यांच्या मागे घोडा घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आचाऱ्याची चक वॅगन, म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर, चार्ल्स गुडनाइट या रँचवाल्याने १८६६ मध्ये तयार करून घेतलेली, मागचं फळकूट खाली पाडलं की तेच टेबल. झोपायच्या आधी आचारी वॅगनचा दांडा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा म्हणे, सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळायचं. या सगळ्याचा पगार महिन्याला २५ ते ४० डॉलर. आणि हे सगळे गोरेच होते असं समजू नका, मेक्सिकन व्हाकेरोंनी, म्हणजे तिकडच्या घोडेस्वार गुराख्यांनी, ही विद्या आधीच विकसित केली होती, शिवाय गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीयही मोठ्या संख्येने होते.

मग केल्टनची दोनच पुस्तकं घ्या. पहिलं 'द डे द काऊबॉईज क्विट', १९७१ चं. टेक्सासच्या पॅनहँडल, म्हणजे उत्तर टोकाच्या भागात १८८३ मध्ये काऊबॉयांनी खरोखर संप केला होता, पगारवाढ मागितली होती, आणि तो फसला, त्यावर बेतलेलं आहे. मालक-मजूर या नजरेने वाचा, पिस्तुलाची वाट बघत बसू नका.

दुसरं 'द टाइम इट नेव्हर रेन्ड', १९७३ चं, माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम. १९५० च्या दशकात पश्चिम टेक्सासात सात वर्षं दुष्काळ पडला, केल्टनने पेपरसाठी तो जवळून बघितलेला. तेव्हा तिथले रँचवाले फड्या निवडुंगाचे काटे बर्नरने जाळून गुरांना खायला घालायचे, बर्नरची घरघर ऐकू आली की उपाशी गुरं धावत यायची. नायक चार्ली फ्लॅग हा सरकारी मदत नाकारणारा हट्टी म्हातारा. ज्यांनी घरात ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्यात, रोजगार हमीवर खडी फोडलेली माणसं पाहिलीत, त्यांना त्याचं म्हणणं पटेलच असं नाही, मलाही सगळं पटत नाही, पण त्याच्याशी वाद घालत घालतच वाचा, पुस्तक तसंच वाचण्यासारखं आहे.

वाचताना टेक्सासचा नकाशा उघडा ठेवा, उत्तर सीमेवरची रेड रिव्हर नदी कुठे, सॅन अँजेलो कुठे, कॅन्सस किती लांब ते बोटाने बघा. आणि कादंबरीवर पूर्ण विश्वास टाकायचा नसेल तर ज्यांनी स्वतः ते काम केलं त्यांचं वाचा, चार्ली सिरिंगोचं १८८५ चं आत्मकथन किंवा नॅट लव्ह या कृष्णवर्णीय काऊबॉयचं १९०७ चं. दोघंही फुशारकी भरपूर मारतात, तेवढी चाळणी लावायची, पण खोगीर, पाऊस, नदी ओलांडणं यावर बोलतात तेव्हा ऐकत राहावं असं आहे. दोन्ही कॉपीराइटमुक्त आहेत, नेटवर फुकट मिळतात.

क्रम विचाराल तर आधी सिरिंगोची थोडी पानं, मग संपाची कादंबरी, दुष्काळाची शेवटी.