हँडिकॅप उतरवण्यासाठी नेमका कशाचा सराव करायचा, हे कसे ठरवावे

गोल्फ क्लबात हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा (जितका कमी तितका खेळ चांगला), विषय निघाला की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा, की ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला लांब फटका, दाखवण्यापुरता असतो, खरा खेळ पटिंगचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलमध्ये घालण्याचा. आणि दुसरा असा, की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन रोज बादलीभर चेंडू मारावेत. दोन्ही सल्ले देणाऱ्याने समोरच्याचे एकही स्कोअरकार्ड पाहिलेले नसते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे पटिंग ग्रीनवर घाम गाळूनही अनेकांचा हँडिकॅप जिथल्या तिथे राहतो. हे मार्गदर्शन साधारण १२ ते २४ हँडिकॅपच्या, आठवड्याला एखादा राउंड आणि सरावासाठी दोनेक तास काढू शकणाऱ्या हौशी खेळाडूसाठी आहे. स्विंग कसा असावा हे येथे सांगितलेले नाही; ते काम आपल्या प्रोचे, म्हणजे प्रशिक्षकाचे, आहे.

आधी हँडिकॅप कशावरून ठरतो ते नीट लक्षात घ्यावे. २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ राउंडच्या डिफरन्शियलची सरासरी धरली जाते; हाच हँडिकॅप इंडेक्स. डिफरन्शियल काढताना स्कोअरमधून कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा त्या कोर्सवरचा अपेक्षित स्कोअर) वजा करतात, उरलेल्या आकड्याला ११३ ने गुणतात आणि स्लोप रेटिंगने (कोर्स सामान्य खेळाडूला तुलनेने किती अवघड जातो, त्या आकड्याने) भागतात. शिवाय कोणत्याही होलवर नेट डबल बोगीच्या (होलचा पार, म्हणजे ठरलेले स्ट्रोक, अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर मिळणारे स्ट्रोक) वरचे स्ट्रोक हिशेबात येत नाहीत. म्हणजे ज्याला कोर्सवर १८ स्ट्रोक मिळतात, त्याने पार ४ वर १० मारले तरी ७ च धरले जातात. ज्या राउंडच्या आठवणीने आपण आठवडाभर चडफडतो, त्या राउंडचा इंडेक्सशी बहुधा काहीच संबंध नसतो. इंडेक्स एकाने उतरायचा असेल, तर आपल्या चांगल्या ८ राउंडमधून प्रत्येकी साधारण एक स्ट्रोक कमी व्हावा लागतो. म्हणून फक्त फसलेली कार्डे घेऊन बसू नये. चांगल्या कार्डांतही गळती कुठे आहे, ते शोधावे.

त्यासाठी निदान दहा राउंडची नोंद हवी. प्रत्येक फटक्यापूर्वी होलपर्यंतचे अंतर किती होते आणि चेंडू कशावर होता, म्हणजे टीवर, फेअरवेवर (छाटलेल्या गवतावर), रफमध्ये (वाढलेल्या गवतात), बंकरमध्ये (वाळूत) की ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत भागावर), एवढेच लिहावे. अंतर यार्डांत आणि पट (ग्रीनवरचे फटके) फुटांत. फूट पावलांनी मोजले तरी चालतात. ही नोंद होल संपताच पुढच्या टीकडे चालताना करावी, कारण क्लब हाउसमध्ये बसून आठवलेले अंतर नेहमी आपल्या बाजूने झुकते. आणि या राउंडमध्ये कोणाकडूनही ‘गिमी’ (न मारताच आत गेला असे धरलेला पट) घेऊ नये. शनिवारच्या फोरबॉलमध्ये चार फुटांचे पट उदार मनाने सोडून दिले जातात, आणि मग पटिंग आपला बलिष्ठ भाग आहे असा समज कार्डावर पक्का होतो.

पावसाळ्यातील आणि हिवाळ्यातील नोंदी एकत्र करू नयेत. जून ते सप्टेंबर पुण्यात काय आणि चेंबूरला काय, फेअरवे इतका ओला असतो की चेंडू पडतो तिथेच बसतो. त्यामुळे त्याच ड्राइव्हनंतर उरणारे अंतर वाढते, ग्रीन संथ होतात, आणि दोष आयर्न क्लबच्या फटक्याचा की ऋतूचा हे कळेनासे होते. (पुण्याच्या खेळाडूंना मुंबईत चेंडू कमी पडला की समुद्रसपाटीची आठवण होते. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीमुळे दीडशे यार्डांत तीनेक यार्डांचा फरक पडतो. चेंडू ग्रीनच्या पंधरा यार्ड अलीकडे पडला असेल, तर त्याला दुसरे कारण आहे.)

आता खरा अवघड टप्पा येतो, आणि मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त छळले आहे. स्ट्रोक कोणत्या फटक्यावर गेला, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. होल पटने संपतो, म्हणून मनात शेवटचा पट राहतो आणि सारे खापर पटरवर फुटते. किती पट झाले, किती फेअरवे सापडले, किती ग्रीन रेग्युलेशनमध्ये, म्हणजे पारसाठी दोन पट हाताशी ठेवून, मिळाले, हे नेहमीचे आकडेही इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. ग्रीन चुकवून चिप (ग्रीनलगतचा छोटा फटका) जवळ ठेवणाऱ्याचे पट कमी होतात, तर लांबच्या आयर्नने ग्रीनच्या कडेला चेंडू नेणाऱ्याचे पट वाढतात. यात चांगले पटिंग कोणाचे, हे पटच्या संख्येवरून सांगता येत नाही.

यावरचा उपाय कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी रुजवलेल्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीत आहे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने २०११ पासून ती पटिंगसाठी अधिकृतपणे वापरायला घेतली आणि पुढे बाकीच्या खेळालाही लावली. तिचे तत्त्व साधे आहे. अमुक अंतरावरून आणि अमुक जागेवरून चेंडू होलमध्ये घालायला टूरच्या खेळाडूला सरासरी किती स्ट्रोक लागतात, हे ठाऊक असते. फटक्यापूर्वीच्या आकड्यातून फटक्यानंतरचा आकडा आणि मारलेला एक स्ट्रोक वजा केला, की त्या फटक्याची किंमत मिळते. काही आकडे पाठच करून टाकावेत. टीवरून ४०० यार्डांना सुमारे ३.९९, फेअरवेवरून १८० यार्डांना ३.०८, १०० यार्डांना २.८०, ४० यार्डांना २.६०, रफमधून यात साधारण दोन दशांश वाढवावेत. ग्रीनवर ४० फुटांवरून २.०६, ८ फुटांवरून १.५०, ५ फुटांवरून १.२३ आणि ३ फुटांवरून १.०४.

एक नेहमीचा होल घेऊ. ४०० यार्डांचा पार ४, फेअरवेवर २२० यार्ड ड्राइव्ह, उरले १८०. हायब्रिड क्लबचा फटका कमी पडून ४० यार्ड राहिले, पिच (छोटा उंच फटका) ग्रीनवर ४० फूट लांब थांबला, पहिला पट पाच फूट अलीकडे, दुसरा चुकला, तिसरा आत. सहा स्ट्रोक. खेळाडू म्हणतो, ‘तीन पटांनी घात केला.’ हिशेब काय सांगतो? ड्राइव्हवर गेले ०.०९, हायब्रिडवर ०.५२, पिचवर ०.४६, पहिल्या पटवर ०.१७ आणि पाच फुटांच्या चुकलेल्या पटवर ०.७७. म्हणजे दोन्ही पट मिळून ०.९४, तर हायब्रिड आणि पिच मिळून ०.९८.

आणि यापुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाच फुटांचा पट चुकला की ०.७७ जातात हे खरे, पण तो पडला की ०.२३ परत येतात. ९० च्या आसपास खेळणारा हौशी खेळाडू पाच फुटांवरून साधारण निम्मे पट घालतो. तेव्हा त्याचे सरासरी नुकसान एका पटमागे पाव स्ट्रोकच्या जवळपासच राहते. हायब्रिडचे आणि पिचचे नुकसान मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी होते, फक्त त्याचा आवाज होत नाही. म्हणून एका राउंडच्या आकड्यांवरून कोणताही निर्णय घेऊ नये, हे मी अगदी बजावून सांगतो. दहा राउंडची बेरीज करावी, आणि ती चार खात्यांत करावी: टीवरचे फटके, १०० यार्डांबाहेरचे अप्रोच (ग्रीनकडे मारलेले फटके), १०० यार्डांच्या आतले चिप, पिच व बंकर, आणि पट.

बेरीज हाती आली की आणखी एक सापळा असतो. आकडे टूरच्या खेळाडूंचे असल्यामुळे चारही खात्यांत तोटाच दिसतो, आणि जिथे सर्वांत मोठा तोटा तिथेच सराव करावा, असे वाटते. तसे करू नये. ब्रॉडी यांच्या अभ्यासानुसार चांगल्या आणि कच्च्या खेळाडूंच्या स्कोअरमध्ये जो फरक पडतो, त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश १०० यार्डांबाहेरच्या फटक्यांतून येतो आणि एक तृतीयांश आतल्या फटक्यांतून, पट धरून. ही विभागणी सर्वसाधारण समजावी आणि आपली तिच्याशी ताडून पाहावी. एकूण तोट्याचा निम्मा भाग १०० यार्डांच्या आतून येत असेल, तर आपला आखूड खेळ खरोखर दुबळा आहे, मग चार खात्यांत अप्रोचचा आकडा सर्वांत मोठा का दिसेना. उलट ऐंशी टक्के तोटा बाहेरून येत असेल, तर पटिंग ग्रीनवर घालवलेला वेळ वाया जातो आहे.

दंडाचे फटके मात्र या चार खात्यांत मिसळू नयेत. ड्राइव्ह ओबीला, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेला की तिसरा स्ट्रोक पुन्हा टीवरूनच मारावा लागतो, म्हणजे पूर्ण दोन स्ट्रोक गेले. राउंडमध्ये असे दोनदा होत असेल, तर बाकी सारी चर्चा व्यर्थ आहे. आणि हे बहुतेक वेळा सरावाने नव्हे, तर निवडीने सुटते: ओबी कोणत्या होलवर आणि कोणत्या क्लबने जाते ते पाहावे, दोन-तीन ठरावीक होल निघाले, तर तिथे ड्रायव्हर पिशवीतच ठेवावा.

दुबळे खाते सापडल्यावर त्यातली चूक कौशल्याची की निर्णयाची, हेही तपासावे. अप्रोचच्या नोंदीत चेंडू डावी-उजवीकडे विखुरलेले असतील, तर दोष स्विंगमध्ये आहे. पण हौशी खेळाडूंच्या कार्डांवर मला बहुतेक वेळा वेगळेच चित्र दिसते: चेंडू सरळ, पण कमी पडलेला. ज्याने आयुष्यात एकदा सात नंबरच्या आयर्नने दीडशे यार्ड मारले, तो कायमचा दीडशेला सातच नंबर मागतो. कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) जास्त लांब जाणारा सहा नंबर पुढे करतो, तेव्हा त्याला अपमान वाटतो. याला सराव लागत नाही. आपल्या दहा फटक्यांची सरासरी काढावी, उत्तम फटका विसरावा आणि एक क्लब जास्त घ्यावा. कॅडीने आपला खेळ आपल्यापेक्षा जास्त तटस्थपणे पाहिलेला असतो.

एका वेळी एकच खाते निवडावे. निम्म्याहून अधिक वेळ त्याला द्यावा आणि उरलेल्या वेळात बाकीचे चालू ठेवावे.

सराव कसा करावा, याबद्दल थोडेच सांगतो. आपल्याकडे बहुतेक रेंजवर मॅटवरून मारावे लागते, आणि मॅट चुका झाकते: क्लब चेंडूच्या मागे जमिनीवर आपटला तरी तो घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो, तोच फटका फेअरवेवर माती उडवून वीस यार्ड कमी पडतो. अप्रोच सुधारायचा असेल, तर गवतावरून मारण्याची सोय शोधावी, मग त्यासाठी सकाळी लवकर जावे लागले तरी चालेल. एकाच क्लबने एकाच दिशेला वीस चेंडू मारू नयेत. प्रत्येक फटक्याला क्लब आणि लक्ष्य दोन्ही बदलावेत, कारण कोर्सवर तोच फटका लागोपाठ दुसऱ्यांदा मिळत नाही. पटचा सराव करायचाच असेल, तर तीन ते आठ फुटांचे पट, आणि तीस फुटांपलीकडून चेंडू होलजवळ थांबवण्याचे पट, एवढेच करावे. वीस फुटांवरचा पट टूरवरसुद्धा सातांतून एखादाच पडतो.

प्रोकडे धडा घ्यायला जाताना ‘स्विंग जरा बघा’ असे म्हणू नये. ‘१५० ते १८० यार्डांत माझे चेंडू कमी पडतात आणि उजवीकडे जातात, ही दहा राउंडची नोंद’ असे म्हणून कागद पुढे ठेवावा. पुढचे दहा राउंड त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच ऋतूत नोंदवावेत आणि फक्त निवडलेल्या खात्याचा आकडा पाहावा. तो हलला नसेल, तर खाते न बदलता सरावाची पद्धत बदलावी. इंडेक्सकडे लगेच पाहू नये. जुने चांगले राउंड शेवटच्या २० च्या यादीतून बाहेर पडेपर्यंत तो मागचाच खेळ दाखवत राहतो.