रोड बाईकची चाकं: माप जुळवून घ्या, मुंबईच्या पावसात टिकवा

नवं चाक घ्यायला निघण्याआधी जुन्या टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा. 25-622 किंवा 28-622 असं काहीतरी असेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर (चाकाच्या बाहेरच्या कड्यावर) जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. '700 सी' म्हणतात ते हेच 622. जुन्या काळ्या सायकलचं '28 इंची' चाक मात्र 635 चं असतं. दुकानदार इंचात बोलला तरी आपण 622 वर अडून राहायचं.

मग मागच्या चिमट्याच्या (फ्रेमच्या चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) आतलं अंतर मोजा. रिम ब्रेकच्या (म्हणजे रबर रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) आजच्या रोड बाईकला ते 130 मिमी असतं. डिस्क ब्रेक असेल तर क्विक रिलीजला (लिव्हरने आवळायच्या एक्सलला) 135, आणि 12 मिमीचा आरपार एक्सल असेल तर 142. पुढे सहसा 100. पाच मिलिमीटरच तर जास्त आहे म्हणून 135 चं चाक 130 मध्ये दाबून बसवू नका. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम अशी फाकवली तर तडकू शकते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कॅसेटपाशी, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचापाशी. जितक्या चकत्या तितके 'स्पीड'. चाकाच्या मधला भाग म्हणजे हब, आणि त्याच्या ज्या भागावर कॅसेट चढते ती बॉडी. शिमानो कंपनीच्या 11 स्पीड रोड हबची बॉडी जुन्या 8-9-10 स्पीडच्या बॉडीपेक्षा 1.85 मिमी लांब असते. त्यामुळे 10 स्पीडची कॅसेट नव्या हबवर चढते, फक्त तिच्या मागे आधी 1.85 मिमीचा स्पेसर (पातळ कडं) घालायचा. काही 10 स्पीड कॅसेटना आणखी 1 मिमीचा लागतो. स्पेसर विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारं कडं) घट्ट होऊनही कॅसेट खुळखुळते. उलट बाजूने, 11 स्पीडची नेहमीची रोड कॅसेट जुन्या बॉडीवर पुरती बसत नाही. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या बॉडीच्या खाचाच वेगळ्या, आणि स्राम कंपनीची एक्सडीआर बॉडीही वेगळी, म्हणून हब घेताना बॉडीचं नाव विचारा. लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळावं.

मुंबईसाठी आमचं मत स्पष्ट आहे: कमी उंचीची ॲल्युमिनियम रिम, 28 किंवा 32 स्पोक, पितळी निपल (स्पोकचं टोक रिममध्ये धरणारा छोटा नट). उंच कार्बन रिम मरीन ड्राइव्हवर दिसते छान, पण समुद्राकडून आडवा वारा आला की हँडल ओढते. निपल पितळी हवेत, कारण खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियमचे निपल स्टीलच्या स्पोकवर गंजून चिकटतात आणि पाना लावला की चुरा होतो. फ्रेममध्ये जागा असेल तर टायर 28 मिमीचा घ्या. फुगवल्यावर दोन्ही बाजूंना निदान 4 मिमी मोकळे राहिले पाहिजेत. ट्यूब घालून चालवणाऱ्या 70 किलोच्या माणसाला 70 ते 80 पीएसआय हवा पुरते. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यांवर 110 भरून नुसते हादरेच मिळतात.

पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक कुठे आहे ते पाहा. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांत चेंगरली. भोक आतल्या, म्हणजे स्पोककडच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. ती बदलल्याशिवाय दुसरी ट्यूबही जाणार.

चाक आउट झालं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डोलू लागलं, तर सायकल उलटी करा आणि चिमट्याला एक केबल टाय असा बांधा की त्याचं टोक रिमला जेमतेम टेकेल. चाक हळू फिरवा. रिम डावीकडे घासत असेल तर त्या जागेचे उजव्या फ्लँजवरून (हबच्या कडेच्या चकतीवरून) येणारे स्पोक पाव फेरा आवळा, डावीकडचे पाव फेरा सैल करा. टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतं, हबकडून पाहिलं तर उलट. इथेच नवखे फसतात. पाव फेऱ्यानंतर थांबा, चाक फिरवा, पुन्हा पाहा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो. मग एकेक स्पोक बोटाने छेडून आवाज ऐका. मागच्या चाकात उजवे स्पोक नेहमीच जास्त ताणलेले असतात, म्हणून तुलना एकाच बाजूच्या स्पोकमध्ये करा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात ढिला-ताठ होत राहतो आणि शेवटी हबजवळच्या वाकणातून तुटतो.

जून ते सप्टेंबर काम वाढतं. भिजून आल्यावर रिम आणि ब्रेकचे रबर साध्या पाण्याने धुऊन पुसा आणि रबरात रुतलेले चमकते कण टाचणीने काढा. ते कण रिमला कानशीसारखे घासतात. हबवर जोराचा फवारा मारू नका, पाणी सीलच्या आत शिरतं. छर्ऱ्यांचे हब असतील तर पावसाळा संपल्यावर उघडून जुनं ग्रीस काढा, छर्रे नवे घाला. क्विक रिलीजच्या चाकात कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) असा लावा की चाक हातात असताना किंचित डुगडुगेल आणि लिव्हर दाबल्यावर ती डुगडुग जाईल. आधीच घट्ट केलात तर लिव्हरच्या दाबाने बेअरिंग आवळून खराब होतं.

रिम ब्रेक असेल तर दर काही महिन्यांनी रिमवर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर स्टीलची फूटपट्टी आडवी धरा. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला, किंवा झीज दाखवणारी खाच पुसली गेली असेल, तर भिंत पातळ झाली आहे. अशी रिम हवेच्या दाबाने फाटते. तिच्यावर आणखी एकही फेरी मारू नका.