फ्लाय फिशिंगची दोरी घेताना

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जाणार असाल, तर दोरी घेण्याआधी काठीवर मुठीच्या जरा वर छापलेला आकडा बघा. तिथे ५ असेल तर दोरीही ५ नंबरचीच घ्या. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं बांधतो, ते तंगूस ओढत नेतं. इथे उलटं असतं. गळाला आमिष म्हणून बांधलेली पिसांची नकली माशी (फ्लाय) अगदीच हलकी, फेकायचं वजन सगळं दोरीत. त्या वजनानेच काठी वाकते. ५ नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम.

खोक्यावर ‘डब्ल्यूएफ ५ एफ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यूएफ म्हणजे जड भाग पुढच्या बाजूला, त्यामुळे नवख्यालाही फेक जमते. शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. पहिली दोरी हीच घ्या. डब्ल्यूएफच्या जागी ‘डीटी’ लिहिलेली दोरी दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. एक टोक झिजलं की उलटी गुंडाळून वापरता येते.

लोक फसतात ते पाण्याच्या तापमानात. उष्ण प्रदेशासाठीच्या दोरीचं आवरण मुद्दाम कडक ठेवलेलं असतं. बर्फाळ पाण्यात ती रिळावरची वेटोळी सोडतच नाही, कितीही ताणा. उलट थंड पाण्याची दोरी कोकणातल्या उन्हात लिबलिबीत होते आणि काठीच्या कड्यांना चिकटते. तीर्थनसाठी ‘कोल्डवॉटर’ लिहिलेलीच मागा.