लो-कार्ब स्वयंपाकाची पहिली भांडी: पैसे तव्यावर घाला

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं, जेवण सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण आधी खरेदीची यादी करतात. एअर फ्रायर, भाज्यांच्या शेवया पाडणारं यंत्र, बदामाचं दूध काढणारं मशीन. पहिल्या महिन्यात यातलं काहीही घेऊ नका. भात-पोळी ताटातून गेल्यावर उरतात अंडी, पनीर, मासे, चिकन आणि पुष्कळ भाजी. फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असतं, दुधीत त्याहून जास्त. हे पाणी उडवता आलं नाही तर रोज गिळगिळीत भाजी खावी लागते आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा भाताकडे वळतो. म्हणून कुठलंही भांडं घेताना एवढंच बघा, की ते पाणी उडवायला आणि पदार्थ खरपूस करायला कामाचं आहे का.

१. वजनकाटा

५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, भांडं ठेवून शून्यावर आणता येणारा. ‘एक मध्यम कांदा’ हे माप इथे निरुपयोगी आहे, कारण १०० ग्रॅम कांद्यात सुमारे ९ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि कांदा ७० ग्रॅमचाही असतो, १५० ग्रॅमचाही. काजूत तर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम, त्यामुळे ग्रेव्हीत मूठभर काजू अंदाजाने टाकणं बंद करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. कर्बोदकं कमी झाली आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

२. सुरी किंवा विळी, आणि मोठ्या भोकांची किसणी

घरात असतील त्याच. फ्लॉवरचा ‘भात’ किसणीवरच करा. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो. मिक्सर लागतो तो बदामाच्या पिठासाठी. भांडं अगदी कोरडं हवं आणि थांबत थांबत फिरवायचं, नाहीतर बदामाला तेल सुटून गोळा होतो.

३. बिडाचा तवा

खरे पैसे इथे घाला, आणि वेळही. मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते याच भांड्याशी.

दुकानात जाण्याआधी घरचा माळा बघा. कोकणातल्या घरांत घावनांचा बिडाचा तवा हमखास सापडतो आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन तयार झालेला असतो. गंज असला तरी चालेल, घासून निघतो. तडा गेलेला मात्र घेऊ नका.

नवा घ्यायचा तर दोन माणसांसाठी २५ ते ३० सेंटिमीटर रुंद, पसरट, जाड बुडाचा घ्या. भाजी एका थरात पसरली पाहिजे. एकावर एक ढीग झाला की तीच भाजी आपल्या पाण्यात शिजत बसते. तवा सपाट फरशीवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगला तर परत ठेवा, इंडक्शन असेल तर नक्कीच. दोन्हीकडे कान असलेला घ्या, कारण भरलेला तवा एका हाताने उचलवत नाही.

आता तवा तयार करणं. ‘अर्धा कांदा तेलात बुडवून घासला की झालं’ हा सल्ला जो तो देतो. तो कांदा घावन घालताना तेल सारखं पसरावं म्हणून असतो. पदार्थ चिकटू न देणारा तेलाचा थर नव्या तव्यावर त्याने बसत नाही. थर बसतो तो तेल अगदी पातळ लावून धुरावेपर्यंत तापवल्यावर. नवा तवा साबण आणि घासणीने खसखसून धुवा आणि लगेच गॅसवर पूर्ण कोरडा करा. साधं रिफाइंड किंवा शेंगदाण्याचं तेल चमचाभर घेऊन आतून-बाहेरून चोळा. मग कोरड्या फडक्याने ते सगळं पुसून काढा, जणू तेल लावलंच नव्हतं इतकं. लोक चुकतात ते इथेच. जास्त तेल राहिलं की तवा चिकट होतो, त्यावर धूळ बसते, अंडं तर हमखास धरतं. पुसलेला तवा मध्यम आचेवर ठेवा, कडा तापाव्यात म्हणून फिरवत राहा, खिडक्या उघड्या ठेवा. धूर येऊन थांबला की गार करा. हे सगळं तीन-चार वेळा करा. चिकटपणा राहिलाच तर वर आणखी तेल ओतू नका. घासून काढा आणि पुन्हा सुरुवात करा.

पहिले काही दिवस त्यावर कांदा, भेंडी, कोबी परता, चिकन भाजा. अंडं नंतर. पनीर टाकण्याआधी पुसून कोरडं करा, तवा आधी तापू द्या, आणि तुकडे टाकल्यावर उलथणं लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की पनीर आपोआप सुटतं. माशाचंही तेच. आणि झाकण ठेवू नका. ताटलीत पाणी घालून वाफ काढायची आपली सवय या भाज्यांना मारक आहे.

कोकम, चिंच, टोमॅटो या तव्यात शिजवायचे नाहीत, आंबटाने थर निघतो. आमटी-कालवणाला स्टीलचं पातेलं आहेच. वापरल्यावर तवा लगेच धुवा. थोडा साबण चालतो, पण पाण्यात भिजत ठेवणं चालत नाही. गॅसवर सुकवून तेलाचं बोट फिरवा. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर हा तवा मोरीत टाकूच नका. तारेच्या घासणीने तुमची सगळी मेहनत एका दुपारी निघून जाईल.

ऑम्लेटसाठी छोटा नॉनस्टिक ठेवायला माझी हरकत नाही. तो रिकामा तापवू नका, २६० अंशांच्या वर त्याचा थर खराब होऊ लागतो. उलथणंही लाकडी वापरा.

४. मलमलचा तुकडा

किसलेल्या दुधीला मीठ लावून दहा मिनिटांनी यात घट्ट पिळा. फ्लॉवर किसण्याआधी धुऊन याच कापडाने कोरडा करा.

५. महिन्याभरानंतर

चिकन, मासे वरचेवर होत असतील तर एअर फ्रायर घ्या. उंच टोपलीचा नको, पसरट टोपलीचा घ्या. तुकडे इथेही एका थरातच मावले पाहिजेत. शेवया पाडणारं यंत्र तेव्हाही नको. काकडी-दुधीचे लांब काप साध्या सोलाण्यानेही निघतात.